जुईच्या कॉलेजची निविदा

"पोहे आणू नको अजून! शाई वाळायची आहे."

भास्कर हिवसे यांनी जेवणाच्या टेबलावर दोन्ही हात आडवे पसरले होते आणि मीनाक्षीवहिनी वाफाळती कढई घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी नुकत्याच चपला काढल्या होत्या. रविवारी सकाळी नऊला विकास नगरातल्या या घरी पोहे खायचे हा माझा तीन वर्षांचा नेम. बँकेनं मला लखनौला टाकलं, बायको नोकरीमुळे पुण्यातच राहिली, आणि स्वतःच्या हातचं खाऊन माझं वजन उतरू लागलं तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या या कुटुंबानं मला रविवारपुरतं दत्तक घेतलं.

"अहो, कढईनं हात भाजून राहिला माझा," वहिनी म्हणाल्या.

"दोन मिनिटं."

मी टेबलावर वाकून पाहिलं. भला मोठा पांढरा कागद, पट्टीनं आखलेले आठ रकाने, आणि माथ्यावर ठळक अक्षरांत शीर्षक: तुलनात्मक तक्ता. खाली पार्टी अ, पार्टी ब, पार्टी क.

"हे काय, कूलर घेताय का?" मी विचारलं.

सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या जुईनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "कूलर नहीं काका. मैं हूँ. पापा मेरे कॉलेज का टेंडर निकाल रहे हैं."

हिवसे मूळचे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. एकतीस वर्षं लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेत खरेदी विभागात आहेत. संस्थेत टाचणीपासून दोन कोटींच्या मशीनपर्यंत जे काही येतं ते यांच्या तक्त्यातून येतं. तीन ठिकाणचे भाव मागवायचे, तक्ता करायचा, सगळ्यांत कमी भाव त्याचा तो एल-वन, आणि ऑर्डर एल-वनला. मोठमोठे शास्त्रज्ञ यांच्या टेबलापुढं येऊन अजिजीनं म्हणतात, "हिवसे जी, वो जर्मन वाली ही दिलवा दीजिए." हिवसे शांतपणे उत्तर देतात, "सर, पहले एल-वन देख लीजिए." घरातही तोच खाक्या. मिक्सर असो की दिवाळीचे पडदे, तीन कोटेशनं आल्याशिवाय पाकीट उघडत नाही. माझ्या वेळी स्थळांची तीन कोटेशनं मागवली नाहीत हे माझं नशीब, असं वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. त्यावर हिवसे गंभीरपणे म्हणाले, "मागवली होती. तू एकटीच मुदतीत आलीस."

असा माणूस. लबाडी औषधालाही नाही, आणि कोणी चेष्टा केली तर ती चेष्टा आहे हे त्यांना समजायला अर्धा दिवस लागायचा.

जुईला तीन ठिकाणची पत्रं आली होती. एक पुण्याचं, एक जयपूरकडच्या नव्या विद्यापीठाचं, एक बंगळुरूजवळच्या कॉलेजचं. तिन्ही खाजगी. प्रत्येकानं फी किती आणि आम्ही मदत किती करू ते कळवलं होतं, पण तिघांनी तीन भाषांत. पुण्यानं गुणांवर थोडी शिष्यवृत्ती देऊ केली होती. जयपूरच्या पत्राला सोनेरी किनार होती आणि मधोमध लग्नपत्रिकेसारख्या अक्षरांत लिहिलं होतं, एकूण साहाय्य रुपये साडेतीन लाख. बंगळुरूचं पत्र साधं, दोन पानी. फी सगळ्यांत जास्त, मदत कुटुंबाचं उत्पन्न बघून.

हिवसे यांनी फुंकर घालून शेवटचा रकाना वाळवला आणि निकाल जाहीर केला. "पार्टी ब. जयपूर. एल-वन."

"ठीक है पापा," जुई मोबाइलकडं बघतच म्हणाली. "जो सस्ता है, वही. मुझे सब चलेगा."

"पाहा सतीशराव!" हिवसे यांचा चेहरा खुलला. "नाही तर आजकालची पोरं. हेच पाहिजे, तेच पाहिजे. आमची पोरगी म्हणते, सब चलेगा."

वहिनींनी लेकीकडं एकदा पाहिलं आणि कढई टेबलावर ठेवली. तक्ता मी उचलून धरला म्हणून वाचला.

एका हातात पोह्यांची बशी आणि दुसऱ्या हातात जयपूरचं पत्र घेऊन मी बसलो. शैक्षणिक कर्जाच्या फायली बघण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत, त्यामुळं सोनेरी किनार दिसली की माझी नजर आपोआप तळाच्या बारीक अक्षरांकडं जाते. तिथं सगळं होतं.

"हिवसे, हे साडेतीन लाख तुम्ही फीमधून वजा केलेत?"

"केले ना. साहाय्य म्हणजे सूटच झाली."

"यातले दीड लाख कर्ज आहे. आमच्यासारख्या एखाद्या बँकेचं. फेडायचं तुम्ही, व्याजासकट. आणि उरलेल्या दोन लाखांच्या डोक्यावर ही चांदणी बघा. फक्त पहिल्या वर्षासाठी. पुढं दहापैकी नऊ गुण पडले तरच."

हिवसे यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र डोळ्यांशी नेलं. मग हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"कर्ज? मग ते साहाय्यात काहून लिहिलं? उद्या एखादी पार्टी मला म्हणाली, मशीन दहा लाखांची, चार लाखांची सूट, अन् ती सूट तुम्ही मला व्याजानं परत करा, तर मी तिला ब्लॅकलिस्ट करीन ना बाप्पा!"

"कॉलेजवाले हुशार असतात."

"अन् मी?" ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी काय गवत उपटून राहिलो?"

पोहे गार झाले तरी त्यांनी हात लावला नाही. वहिनींनी दुसऱ्यांदा चहा टाकला तेव्हा ते खालच्या आवाजात मला म्हणाले, "सतीशराव, खरी गोम वेगळीच आहे. माझी नोकरी उरली दोन वर्षं. कोर्स चार वर्षांचा. तिसऱ्या वर्षी मी पेन्शनर. दोन वर्षं पगारातून भरीन, पुढची दोन कशातून भरू? म्हणून मला कमी भाव पाहिजे. हौस म्हणून नाही."

मी मान हलवली. जुई तेवढ्यात उठून आत गेली होती, पण या घरातल्या भिंती पातळ आहेत.

मंगळवारी संध्याकाळी बँकेतून परत येतो तो जुई माझ्या फाटकापाशी उभी. चेहरा रडवेला की हसरा, तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"काका, पापा ने मेरे तीनों कॉलेजों को टेंडर की चिट्ठी भेज दी! देखिए!"

मी तिचा मोबाइल घेतला. पत्र इंग्रजीत होतं आणि अस्सल सरकारी होतं. विषय, संदर्भ, दिनांक, आणि खाली अकरा मुद्दे. आपल्या प्रस्तावातील प्रत्येक खर्चाचा स्वतंत्र तपशील द्यावा. सवलतीची वॉरंटी किती वर्षे? दरवाढ वार्षिक किती टक्के, आणि तिची कमाल मर्यादा काय? साहाय्यापैकी किती रक्कम परत करावी लागणार नाही, ते वेगळे दर्शवावे. हॉस्टेलची गादी पुरवठ्यात समाविष्ट आहे काय? आणि सातवा मुद्दा: अर्जदाराच्या पालकाची सेवा चोवीस महिन्यांत समाप्त होत असून पुरवठ्याचा कालावधी अठ्ठेचाळीस महिने आहे, उर्वरित चोवीस महिन्यांचे देयक कसे नियमित करावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. शेवटी अट. उत्तरं शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. त्यानंतर आलेली उघडली जाणार नाहीत.

मी फाटकाला धरून हसलो. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

"हँसिए मत काका! वो लोग मुझे निकाल देंगे."

"अजून घेतलंच नाही, तर काढतील कसे?"

"आप भी ना!"

हसू ओसरल्यावर मी तिला विचारलं, "तुला स्वतःला कुठं जायचंय गं?"

ती फाटकाची कडी वाजवत राहिली. "जो सस्ता है," असं म्हणाली आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी मला माझा मुलगा संकेत आठवला. त्याला इंजिनियरिंगला घातलं तेव्हा कर्मचाऱ्यांच्या दरानं कर्ज कुठं मिळेल, हॉस्टेल वाचेल का, हे सगळं मी बघितलं होतं. त्याला काही विचारायचं तेवढं राहून गेलं. आज त्याची नोकरी उत्तम आहे. रविवारी फोन करतो, तीन मिनिटं बोलतो, तब्येत विचारतो. तक्रार करावी असं त्यात काही नाही. पण जुईनं कडी वाजवली तशीच त्यानंही तेव्हा कुठंतरी वाजवली असणार आणि मला ती ऐकू आली नाही, हे मला फार लागलं.

शुक्रवारी हिवसे यांचा फोन आला. "सहाला या. निविदा समितीत तीन सभासद लागतात. मी, मीनाक्षी अन् तुम्ही. तुम्ही वित्त."

गेलो. बाहेर मे महिन्याच्या गरम वाऱ्याची लू चालली होती, आत कूलर घरघरत होता. हिवसे यांच्या ऑफिसातल्या मित्राची मलिहाबादला आमराई आहे. तिथल्या कैऱ्यांचं पन्हं वहिनींनी केलं होतं. हिवसे यांनी अर्धा दिवस रजा टाकून तीनच्या ठोक्यापर्यंत लॅपटॉपसमोर पहारा दिला होता आणि अंगात ऑफिसचा शर्ट तसाच होता.

"कारवाई सुरू," ते म्हणाले. "पार्टी ब. जयपूर. लेखी उत्तर नाही. एका पोराचे चार फोन. पहिल्या दिवशी म्हणे, अंकल, पच्चीस हज़ार और कम. काल म्हणे, आज शाम तक पचास. रोज नवा भाव म्हणजे आधीचा खोटा होता. बाद."

"बाद," आम्ही दोघं म्हणालो.

"पार्टी अ. पुणे. अकरापैकी दोनच उत्तरं, अन् सोबत रंगीत पुस्तक. पण दोन उत्तरं चोख आहेत. पात्र."

"आणि बंगळुरू?" मी विचारलं.

हिवसे यांनी लॅपटॉपचं झाकण थोडं खाली केलं. "आलं आहे. तीन वाजून चाळीस मिनिटांनी. लेट बिड. उघडता येत नाही."

"म्हणजे? वाचलंच नाही तुम्ही?"

"एकतीस वर्षांत एक लेट बिड उघडली नाही सतीशराव. डायरेक्टरच्या साडूची होती, तरी उघडली नाही."

जुई पन्ह्याचे ग्लास घेऊन आली होती. ट्रे तिनं ठेवला तो एवढा हळू ठेवला की आवाजच झाला नाही. "ठीक है पापा. रूल तो रूल है," ती म्हणाली आणि आत वळली. मला हिवसे यांचा असा राग आला की वित्त सभासदाचा राजीनामा द्यावासा वाटला.

पण वहिनी बोलल्या. वहिनींचा आवाज कधी चढत नाही; त्या दिवशीही चढला नाही.

"अहो, टेक्निकल उघडलं का?"

"काय?"

"पंचवीस वर्षं जेवताना ऐकून राहिली ना मी. दोन लिफाफे असतात. एक टेक्निकल, एक भावाचा. आधी कोणता उघडायचा?"

"टेक्निकल," हिवसे म्हणाले. "मशीन कामाची आहे की नाही ते आधी पाहायचं. भाव नंतर."

"अन् भावाचा आधी उघडला तर?"

हिवसे यांचा हात लॅपटॉपवरून खाली आला.

"टेंडर रद्द होते," ते अखेरीस म्हणाले.

"वस्तू ज्याला वापरायची त्याला काय म्हणता तुम्ही लोक?"

"इंडेंटर. मागणी त्याची असते. त्याच्या लेखी मागणीशिवाय फाइल सुरूच होत नाही."

"विचारलं इंडेंटरला?"

चूक कोणाच्याही हातून होते, पण या माणसाच्या हातून ही चूक व्हावी! काही वर्षांपूर्वी त्यांच्याच विभागातल्या एकानं भावाचा लिफाफा आधी फोडला होता, तेव्हा चार पानी अहवाल हिवसे यांनीच लिहिला होता. मला तो त्यांनी अभिमानानं वाचूनही दाखवला होता. आता ते आपल्या आखीव तक्त्याकडं असे बघत होते की मला हसू येईना. आठ रकाने होते. हॉस्टेल होतं, मेस होती, प्रवास होता. पोरीला काय शिकायचंय याचा रकाना नव्हता.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, तक्त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली आणि तिच्यावर लिहिलं, रद्द. खाली सही केली, तारीख घातली. मग मोठ्यानं हाक मारली.

"जुई! बाहेर ये. बस इथं."

जुई येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

"मॅडम," हिवसे म्हणाले, आणि ते खरोखरच एखाद्या शास्त्रज्ञाशी बोलावं तसे बोलले, "तुम्हाला काय पाहिजे, अन् काहून पाहिजे, ते समितीला सांगा."

"पापा, प्लीज़. सब ठीक हैं."

"सब ठीक असं लिहिणाऱ्या सायंटिस्टची फाइल मी परत पाठवतो. एकच नाव सांगा."

ती आईकडं बघू लागली. आईनं डोळ्यांनीच सांगितलं, बोल.

"बेंगलुरु," ती म्हणाली. मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "वहाँ पहले साल से कीड़ों की लैब है पापा. बाकी दोनों में तो एंटोमोलॉजी है ही नहीं. आम पे जो भुनगा आता है ना, हम मलिहाबाद में दो सीज़न गिनते रहे..."

हे मला ठाऊक होतं. आंब्याच्या मोहरावरचा तुडतुडा. तिकडं त्याला भुनगा म्हणतात. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर ही पोरगी दर रविवारी हातात भिंग आणि वही घेऊन हिवसे यांच्या त्या मित्राच्या आमराईत जायची, आणि घरी येऊन बापाची बोलणी खायची.

"म्हणजे..." जुई थांबली. एरवी ती आम्हा सगळ्यांना हिंदीतच उत्तरं देते. मराठी समजते, बोलायला लाजते. आता ती बापाकडं तोंड करून मराठीत बोलू लागली, अडखळत, एकेक शब्द उचलून. "सगळे म्हणतात मारा. दवा मारा. कोणी विचारत नाही, ते ह्याच झाडावर का येतात. शेजारच्या झाडावर का नाही. मी मोजले ना पापा. एका झाडावर दोनशे, बाजूच्यावर नऊ. का? मला ते बघायचं आहे. मला दुसरं काहीच नाही बघायचं."

हिवसे यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"मग रविवारी काहून म्हणाली, जो सस्ता है?"

"आपके दो साल बचे हैं, पापा."

हिवसे यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या, डोळ्याला लावला, परत काढला. त्यांना रडू आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मलाही आलं होतं. मी पन्ह्याच्या ग्लासात तोंड घालून बसलो.

"टेक्निकल समितीचं मत?" ते चष्मा चढवून म्हणाले.

"पास," वहिनी म्हणाल्या.

"पास," मी म्हणालो. "बाकीच्या दोन पार्ट्यांकडे वस्तूच नाही."

"पण ती लेट बिड..."

"टेंडर रद्द केलं ना तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "मग मुदत कोणत्या टेंडरची? उघडा आता मुकाट्यानं."

त्यांनी लॅपटॉप उघडला. आम्ही तिघं त्यांच्या खुर्चीमागं उभे राहिलो. मेल कॉलेजच्या साहाय्य विभागातल्या नयना नावाच्या बाईंची होती. त्यांनी हिवसे यांचे अकरा मुद्दे जसेच्या तसे एका तक्त्यात घेऊन प्रत्येकापुढं उत्तर लिहिलं होतं. गादी समाविष्ट आहे, उशी नाही. दरवाढ दर वर्षी पाच टक्क्यांच्या वर नाही. मदतीपैकी एक रुपयाही परत करायचा नाही. सातव्या मुद्द्यापुढचं उत्तर सगळ्यांत लांब होतं. आपल्या निवृत्तीची माहिती अर्जात नव्हती, कारण आमच्या अर्जात ती विचारलेलीच नाही. हे आपल्या पत्रामुळं लक्षात आलं. तिसऱ्या वर्षापासून आपलं पेन्शन हेच उत्पन्न धरून मदत वाढवली जाईल. निवृत्तीनंतरच्या जगण्यासाठी साठवलेला भविष्य निर्वाह निधीही हिशेबात धरायला नको होता. सुधारित पत्र सोबत जोडलं आहे.

सुधारित पत्रावरून मी टेबलावरच्याच कागदाच्या मागं पेन्सिलीनं आकडे मांडले. पहिली दोन वर्षं ओढाताण, तीही सोसवेल अशी. पुढची दोन पेन्शनमध्ये बसत होती. मधे थोडं कर्ज लागणार होतं. "ते मी देईन," मी म्हणालो, "आणि ते कर्ज म्हणूनच लिहीन."

जुई किंचाळली. मग आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या, मग जिना चढून गच्चीवर धावली, आणि वरून तिचं कोणाला तरी ओरडून सांगणं अख्ख्या सेक्टरला ऐकू गेलं.

हिवसे मात्र स्क्रीनला चिकटून होते. मेलच्या शेवटी चार ओळी उरल्या होत्या. त्या त्यांनी एकदा मनात वाचल्या, मग मला वाचायला लावल्या, मग वहिनींना अर्थ सांगितला. नयनाबाईंनी लिहिलं होतं, इतके नेमके प्रश्न आम्हाला आजवर कोणत्याही पालकानं विचारले नव्हते. आपली हरकत नसेल तर यंदापासून हे अकरा प्रश्न आम्ही आमच्या प्रत्येक पत्रासोबत पालकांना पाठवू इच्छितो.

"माझे प्रश्न छापणार म्हणते," हिवसे म्हणाले.

"द्या परवानगी," मी म्हणालो.

"देतो ना. पण बारावा राहिला." त्यांनी लिहायला घेतलं आणि मी खांद्यावरून वाचलं. बारावा मुद्दा कॉलेजसाठी नव्हताच. पालकांनी हे पत्र उघडण्यापूर्वी आपल्या मुलास काय शिकावयाचे आहे, ते विचारले आहे काय?

मला रात्री घरी जाऊन संकेतला फोन करावासा वाटला. केला. त्या दिवशी शुक्रवार होता म्हणून तो आधी घाबरलाच. अठरा मिनिटं बोललो.

जुलैच्या शेवटच्या रविवारी आम्ही अमीनाबादला गेलो. हिवसे, जुई, आणि सामान धरायला मी. वहिनी लाडू वळत होत्या. बंगळुरूला संध्याकाळी गारवा असतो असं कोणीतरी सांगितल्यामुळं रजाई घ्यायची होती. भर जुलैत रजाई मागणारं गिऱ्हाईक बघून दुकानदार हसला, पण लखनौचा दुकानदार. "तशरीफ़ रखिए" म्हणत शिडी लावून वर चढला. चार रजाया खाली आल्या. जुईनं हळदी रंगाची, बारीक बुट्ट्यांची एक ओढून घेतली आणि गालाला लावली.

"कितने की?" हिवसे यांनी विचारलं.

"अठारह सौ, बाबूजी."

आता काय होणार ते मला माहीत होतं. हिवसे उठतील, शेजारच्या दोन दुकानांत जातील, खिशातल्या चिठ्ठीवर भाव लिहून आणतील. जुईनंही माझ्याकडं बघून डोळे फिरवले. हिवसे यांनी पाकीट काढलं, अठराशे रुपये मोजले आणि गल्ल्यावर ठेवले.

दुकानदार नोटांकडं बघत राहिला. रजाई बांधता बांधता त्याच्या हातातली गाठ सुटली.

"बाबूजी, कुछ तो कहिए."

"क्या कहूँ? बिटिया को पसंद है."

तो बिचारा पेचात पडला. इतका सरळ सौदा त्याला पचेना. शेवटी त्यानं स्वतःच दोन शंभराच्या नोटा काढून जुईच्या हातात दिल्या. "तो ये बिटिया की मिठाई के."

बाहेर ई-रिक्षा मिळाली. एका बाजूला मी आणि जुई, समोर हिवसे. रजाईचं गाठोडं रिक्षावाल्यानं टपावर टाकायला मागितलं, ते त्यांनी दिलं नाही. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून बसले. रस्त्यात खड्डे होते, उकाडा होता, आणि हळदी रजाईवर त्यांच्या कपाळाचा घाम ठिबकत होता.

"पापा, नीचे रख दीजिए ना. गर्मी लग रही होगी."

"असू दे," हिवसे म्हणाले.

विकास नगर येईपर्यंत ते तसेच बसून होते.